जादा बाब

गुरुवारी भोसरीत वीज नसते.
खालच्या शेडमधला प्रेस गप्प,
आणि मी खिडकीच्या उजेडात फाइल धरून
तिकडच्या जनरेटरला दिवसाला किती डिझेल लागेल
याचा हिशेब करत बसते.

तिकडे म्हणजे आपल्या वकिलातीत.
त्या शहराचं नाव मला धड उच्चारता येत नाही,
पण तिथे खिडक्या बेचाळीस आहेत,
पडदे चौऱ्याऐंशी,
तळमजल्यावरचा तिसरा नळ गळतो
आणि राजदूतांच्या जेवणघरातल्या एका खुर्चीचा पाय
दोनदा बदललाय.
एखादीला लग्नाआधी सासर माहीत असावं,
मध्यस्थाच्या तोंडून,
तसं मला ते घर माहीत आहे.

निविदा उघडली तेव्हा आमचा दर सर्वांत कमी निघाला.
मुथा शेठनी पेढे वाटले.
दुसऱ्या नंबरचा आकडा कळल्यावर मात्र
दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

साफसफाई, बाग, वाहनं, सामानाची ने-आण,
सगळ्या मिळून सदतीस बाबी.
माणसं तिथलीच घ्यायची, मुकादम आपला.
आपला म्हणजे सिलास पाटोळे, खडकीचे,
फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले.
जाण्याआधी त्यांनी एकच विचारलं:
तिकडे डिझेलची पावती कोणत्या भाषेत घ्यायची?

इकडे दिवेलागण, तिकडे दुपार.
त्या वेळेला रोज मोजमाप वहीच्या पानाचा फोटो यायचा.
झुडपं छाटली, नग एकोणीस.
गच्ची झाडली.
अक्षर रेघेवर कवायतीला उभं.
कधी पानाच्या कोपऱ्यात एक मांजर यायचं,
अर्धं, शेपटीकडून.
त्याची बाब नव्हती.

करारात एक कलम असतं:
युद्ध, दंगल, भूकंप, दैवी कोप.
तसं काही झालं तर कुणी कुणाचं देणं लागत नाही.
आम्ही ते वाचत नाही.
त्या पानावर फक्त शिक्का नीट उमटलाय ना, बघतो.

फेब्रुवारीत फोटो यायचे थांबले.
साहेब लोक एका रात्रीत निघाले म्हणे,
बाकीचे दुसऱ्या दिवशी.

पाटोळे आले ते गुरुवारीच, बसने,
वही दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली.
शेवटचं पान मी उभ्या उभ्याच वाचलं.
पडदे ओढले, नग चौऱ्याऐंशी.
वाहनं झाकली, नग चार.
नळ क्रमांक तीन, वायसर बदलला.
झेंडा उतरवला, घडी केली, नग एक.

मी म्हटलं, पाटोळे, ही अडतिसावी बाब करारात नाही.
जादा बाबीला आधी मंजुरी लागते. दर लागतो.
ते म्हणाले, केलेलं काम लिहायचं नाही?

मजुरी काढायला तरी हवं,
म्हणून विचारलं, वेळ किती लागला?
तर जरा ओशाळले.
तसा दोन मिनिटांचाच, म्हणाले,
पण सूर्य मावळायचा होता.
त्याआधी कसा उतरवणार?
बाहेर गाडीवाला सारखा हॉर्न देत होता.
चाळीस मिनिटं थांबवला त्याला.

चाळीस मिनिटं.
मी कॅल्क्युलेटर पुढे ओढला
आणि तसाच मागे सारला.

बिल दिल्लीहून परत आलंय.
बाब क्रमांक ३८, दर नमूद नाही, खुलासा करावा.
शेठ म्हणतात, खोडून टाक ती ओळ,
एका ओळीपायी सगळी रक्कम अडकलीय,
बँकेचं व्याज काय तुझा पाटोळे भरणार?
बरोबर आहे त्यांचं.
ते खाली गेले की मी पेन उघडते
आणि रकान्याच्या कडेला टेकवून ठेवते.

पाटोळे अधूनमधून फोन करतात,
पगाराचं विचारत नाहीत,
दापोडीला कुठेशी वॉचमन लागलेत म्हणे.
मीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
तो तिसरा नळ?
थेंब नाही आता, म्हणाले.

मांजराचं विचारायचं राहून गेलं.